उषामावशींचे क्वार्टरबॅक

टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलच्या मॅचमध्ये बावीस-तेवीस वर्षांचा एखादा नवा पोरगा हेल्मेट चढवून मैदानात उतरला, की उषामावशी आधी त्याचे खांदे बघायच्या. स्कोअर काय झालाय, कोण कुणाशी खेळतंय, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसायचं. "श्वास वर चढलाय याचा," त्या म्हणायच्या. "छातीनं घेतोय, पोटानं नाही. आता बघ, चुकीच्या माणसाला देणार." आणि पोरगा खरोखरच चुकीच्या माणसाच्या हातात बॉल द्यायचा. मावशींची पस्तीस वर्षं ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात गेली होती. समोरचा माणूस घाबरलाय हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे.

डॉ. उषा सबनीस. मूळच्या सांगलीच्या, पण सांगली सोडून इतकी वर्षं झालेली की तिथले रस्तेसुद्धा त्यांना लग्नाआधीच्या नावांनी आठवायचे. उंची पावणेपाच फूट. खुर्चीत बसल्या की पाय जमिनीला टेकत नसत म्हणून खाली एक पाट ठेवलेला असायचा. हात तर इतके छोटे, की ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांच्यापुरते सगळ्यात लहान मापाचे हातमोजे वेगळे मागवायला लागत, असं त्या अभिमानानं सांगत. आवाज मात्र या सगळ्याची भरपाई करणारा होता. ह्यूस्टनलगतच्या शुगर लँडमधल्या आमच्या गल्लीत त्यांनी कुत्र्याला हाक मारली, की तीन घरं सोडून आमचं कुत्रं उठून उभं राहायचं.

माझी त्यांची ओळख झाली ती टीव्हीमुळे. मी नोकरीसाठी इथे आलो त्याला महिनाही झाला नव्हता. इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी "कंप्युटरवाला आहे" असं सांगून माझा नंबर त्यांना दिला. रविवारी सकाळी अकराला फोन. "मंदार ना? मी उषामावशी. माझा टीव्ही मॅच दाखवत नाहीये. दहा मिनिटांचं काम आहे, ये." मी गेलो. रिमोटमध्ये सेल उलटे घातले होते. ते सरळ केले, तेवढ्यात बाराची मॅच सुरू झाली आणि मावशी म्हणाल्या, "आता बॉल खेळात असताना दार उघडायचं नाही. बस." त्या दिवशी बसलो तो पुढची नऊ वर्षं दर रविवारी बसत राहिलो.

हा अमेरिकन फुटबॉल मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हता. पाय वापरत नाहीत तर त्याला फुटबॉल का म्हणतात, इथपासून माझी सुरुवात. मावशींनी मला तो दोन प्लेच्या, म्हणजे दोन डावांच्या, मधल्या चाळीस सेकंदांत शिकवला, कारण बाकी वेळ बोलायची बंदी होती.

"हे बघ. तो मधला पोरगा क्वार्टरबॅक. दर वेळी बॉल त्याच्याकडे येतो. त्याला तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात कुणाला द्यायचा ते ठरवायचं. समोरून चार राक्षस त्याला आडवा करायला येतात. आणि हे पाच जाडे त्याच्यापुढे उभे राहून त्यांना अडवतात. कळलं?"

"आणि बाकीचे?"

"बाकीचे असू देत. तू या पाच जाड्यांकडे बघ. सगळं जग पोराकडे बघतं. पोरगा टिकणार की नाही ते हे पाच ठरवतात."

या पाच जाड्यांवर मावशींचा फार जीव होता. पेपरात ज्यांचं नाव कधी येत नाही अशा त्या तीनतीनशे पौंडांच्या माणसांची नावं, दुखरे गुडघे आणि बायकांची बाळंतपणं त्यांना पाठ असायची. हाफटाइमला पोहे मिळत, त्याच्या आधी पाणीसुद्धा नाही. पोहे खाताना त्या या जाड्यांच्या तब्येतीवर बोलायच्या.

हे वेड त्यांना लागलं कसं, ते त्यांनी एकदा सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी सोमवारी सकाळी थिएटरमध्ये सगळे सर्जन फक्त आदल्या दिवशीच्या मॅचबद्दल बोलायचे. टेबलाच्या डोक्याशी उभ्या असलेल्या या बाईशी कुणी अक्षर बोलत नसे. शेवटी मावशींनी हट्टानं एका रविवारी बापूकाकांशेजारी बसून मॅच बघितली. काका त्यांचे यजमान, तेलाच्या कंपनीत इंजिनियर, मी इथे यायच्या आधीच गेलेले. मॅच लागली की काका झोपायचे. "मला खेळ काही कळला नाही," मावशी म्हणाल्या. "पण मधला पोरगा भेदरलाय, आणि त्याला कुणीच धीर देत नाहीये, एवढं कळलं. दुसऱ्या दिवशी मी थिएटरमध्ये म्हटलं, युवर बॉय इज नॉट बॅड, ही इज स्केअर्ड. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. त्यानंतर दर सोमवारी सर्जन मला विचारायचे, डॉक्टर, हाऊ इज अवर बॉय ब्रीदिंग?"

मावशींची टीम कुठलीच नव्हती. ज्या टीमनं नवा पोरगा आणला, ती त्या वर्षीची त्यांची टीम. या पोरांना त्यांनी आपली नावं ठेवलेली. एकाला घाई फार, तो 'पळपुट्या'. एकजण उंच आणि हडकुळा, तो 'लांबोडका'. एकाला कॅमेरा दिसला की हसू फुटायचं, तो 'नवरदेव'. फोनवर त्या सहज म्हणायच्या, "काल पळपुट्यानं फार मार खाल्ला रे," आणि ऑफिसात फोन स्पीकरवर असला तर मला खुलासे करत बसावं लागे.

दर वर्षी वसंतात या व्यावसायिक टीम्स कॉलेजातली पोरं आपसात वाटून घेतात, आणि सगळ्यात हरलेल्या टीमला पहिला मान असतो. ही पद्धत मावशींना अजिबात मान्य नव्हती. "म्हणजे सगळ्यात गुणी मुलगी बघून सगळ्यात बिघडलेल्या घरात द्यायची," त्या म्हणायच्या, "आणि सहा महिन्यांत तिनं घर सुधारलं नाही, तर तिच्यातच खोट. सासरा दर वर्षी बदलतो, पुढचे पाच जण कागदाचे, आणि हिनं म्हणे राज्य आणायचं! अरे, वर्षभर बसू दे ना त्याला. कुणीतरी जुनाजाणता असेल त्याच्यामागे उभा राहू दे. बघू दे त्याला." हे 'बघू दे त्याला' मी नऊ वर्षांत किती वेळा ऐकलं असेल याचा हिशोब नाही.

आणि सगळ्याची वही होती. वही म्हणजे हॉस्पिटलातून निवृत्त होताना आणलेले भुलीचे कोरे तक्ते. दर पाच मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब लिहायच्या त्या चौकटींत मावशी पाय, श्वास, डोळे, पाच जण आणि मास्तर असे पाच रकाने भरायच्या. मास्तर म्हणजे कोच. तो बदलला की त्या रकान्यात लाल फुली पडायची. पानाच्या वर पोराचं नाव, वजन आणि हाताचं माप. हो, हाताचं मापसुद्धा. निवड व्हायच्या आधी या पोरांचे हात मोजतात, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, इंचाच्या आठव्या भागापर्यंत. हात लहान असला तर म्हणे ओला बॉल सुटतो. मावशी ही मापं पेपरातून उतरवून घ्यायच्या आणि वर म्हणायच्या, "हात मोजून काय होतंय? माझ्या हातात काय मावतंय? पण पस्तीस वर्षं एक पेशंट सुटला नाही."

डोळ्यांचा रकाना मात्र त्यांचा खास. "चूक झाली की पोरगा कुणाकडे बघतो, तेवढं बघ," हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं. स्कोअरबोर्डकडे बघितलं तर तो आकड्यांना घाबरतो. बाहेर उभ्या मास्तरकडे बघितलं तर अजून कच्चा आहे. स्वतःच्या पाच जाड्यांकडे बघितलं, तर काळजी नाही, हा टिकणार.

लांबोडका चुकला की दर वेळी मास्तरकडे बघायचा. उत्तरेकडच्या एका टीमनं त्याला पहिल्याच दिवसापासून मैदानात ढकललेला. टीमचं नाव सांगत नाही, त्यांची पुरेशी शोभा झालेली आहे. लांबोडका दर रविवारी सहा-सात वेळा मातीत. मावशींना ते बघवेना. त्यांनी सरळ त्या टीमच्या मास्तरला पत्र लिहिलं, टपालानं, खाली सही 'उषा सबनीस, एम.डी.' मजकूर मला वाचून दाखवला होता. मुलगा गुणी आहे, घाबरलेला आहे, घाबरलेल्या माणसाला मी कधी ऑपरेशनला घेतलं नाही, आधी त्याच्याशी बोलले, तुम्हीही त्याला एक वर्ष बसवा आणि त्याच्याशी बोला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आपल्या प्रेमाबद्दल आभार असं छापील कार्ड, आणि सोबत टीमची एक टोपी.

"उत्तर आलं, पण पेशंट तपासलेला नाही," मावशी म्हणाल्या. टोपी मात्र त्यांनी त्याच दिवशी घातली. साडीवर ती टोपी घालून त्या इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडताना दिसायच्या.

लांबोडक्याला त्या टीमनं दोन वर्षांत काढून टाकलं. दुसऱ्या एका टीमनं घेतला, आणि तिथे एका चाळिशीला टेकलेल्या क्वार्टरबॅकच्या मागे तो दोन वर्षं नुसता डावांचे कागद लावलेली पाटी धरून उभा राहिला. तिसऱ्या वर्षी खेळायला लागला. एका रविवारी त्याच्याकडून बॉल सुटला, समोरच्यांनी पळवला. कॅमेरा त्याच्या तोंडावर गेला. त्यानं शेजारच्या जाड्याकडे बघितलं, त्याच्या हेल्मेटवर टपली मारली आणि हसला. मावशी पाटावर उभ्या राहिल्या. "लागला! लांबोडका मार्गाला लागला!" संध्याकाळी त्यांनी केशर घालून शिरा केला आणि सात घरी स्वतः नेऊन दिला. निम्म्या घरांना वाटलं, मावशींच्या मुलाकडे, तिकडे उत्तरेला शॉमबर्गला, काहीतरी गोड बातमी आहे.

आता गणपती. फुटबॉलचा सीझन आणि गणपती साधारण एकदमच येतात, आणि आमच्या मंडळाच्या महाप्रसादाचं स्वयंपाकघर वीस वर्षं मावशींच्या ताब्यात होतं. पाचशे माणसांचं जेवण. शाळेचा हॉल भाड्यानं घ्यायचा, मागच्या बाजूला शेड टाकून इथले लोक क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंगे, उकडतात ते भलेमोठे गॅसचे बर्नर मांडायचे, आणि त्यांवर मसालेभाताची तीन पातेली, वरणाचं एक. टेक्सासच्या त्या दमट उकाड्यात शैलाकाकू आणि आणखी तिघी पदर खोचून उभ्या, आणि मधे टोपी घातलेल्या मावशी. सगळं तोंडी. "मीठ चार मुठी," म्हणायच्या आणि स्वतःच्या मुठीनं घालायच्या. चाखायचा प्रश्नच नव्हता. नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी जिभेला काही लावत नसे, आणि वीस वर्षांत कधी लावायची गरजही पडली नाही.

अमृता तीन वर्षं त्यांच्या मागे उभी होती. अमृता नागपूरची, इथे रिफायनरीत इंजिनियर, वय सत्तावीस-अठ्ठावीस. कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेली, सहा फुटाला दोन बोटं कमी. इथे तिचं आपलं असं कुणी नव्हतं, आणि गणपतीतले ते तीन दिवस शेडमधे काकूंबरोबर उभं राहायला मिळतं म्हणून ती वर्षभर वाट बघायची. मावशींनाही ती आवडायची. पण काही करायला गेली, की मावशींचं ठरलेलं उत्तर. "बघ तू. नुसतं बघ."

मग मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जुलैत झालंय, गणपतीला उभी राहीन, असं त्यांनी सर्जनला सांगितलं होतं. सर्जननं ऐकलं नाही. महाप्रसाद अमृताकडे आला.

त्या दिवशी तिनं मावशींना चौदा फोन केले. मी मावशींच्या घरी बसून होतो, त्यामुळे मोजले. मावशी गोळ्यांच्या अमलात. "मीठ? चार मुठी. नेहमीचंच की." अमृतानं दर पातेल्यात चार मुठी मीठ घातलं. शेजारी शैलाकाकू उभ्या, त्या गप्प. नैवेद्य झाला, आरती झाली, पहिली पंगत बसली, आणि मंडळाचे अध्यक्ष जोगळेकर यांनी पहिला घास घेतला. गणपतीला आधीच कळलं असणार, पण तो काही बोलला नव्हता. भात इतका खारट, की लोकांनी वरण ओतून बघितलं, दही घालून बघितलं, शेवटी बाहेरून पिझ्झा आले. महाप्रसादाला पिझ्झा! अमृता शेडमागे उलट्या ठेवलेल्या पातेल्यावर बसून रडत होती असं शैलाकाकूंनी नंतर सांगितलं.

ऑक्टोबरात जोगळेकरांच्या घरी कमिटीची मीटिंग झाली. मावशी वॉकर घेऊन आल्या, मी त्यांना ड्राइव्ह करून नेलं होतं. अमृता कोपऱ्यात, मान खाली.

"मावशी, नो हार्ड फीलिंग्ज," जोगळेकर म्हणाले, "पण नेक्स्ट इयर आपण कॅटरर करू. पाचशे लोकांची रिस्क नको यार."

"एका मॅचवर?" मावशी म्हणाल्या. "एका मॅचवर पोरीला काढता?"

"अहो, मॅच काय मावशी, भात होता तो."

"मीच नाही म्हणते," अमृता म्हणाली. "मला नाही जमत मावशी. मी तर ट्रायच करून राहिली होती ना. तुम्ही चार मुठी म्हटलं, मी मोजून चार घातल्या. पुढच्या वर्षीपासून मी नुसत्या पत्रावळी मांडते."

मावशी वॉकर धरून उठल्या. "इकडे ये," म्हणाल्या. "हात दाखव. मूठ कर."

अमृतानं मूठ पुढे केली. मावशींनी आपली शेजारी धरली. एक लिंबाएवढी, एक नारळाएवढी. शैलाकाकूंना हसू फुटलं. मग सगळेच हसले, जोगळेकरसुद्धा. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत.

"शैला, तू शेजारी होतीस ना?"

"होते हो. मला जरा जास्तच वाटलं. पण तुम्हीच फोनवर चार म्हणालात, मग मी काय बोलणार?"

मावशी खाली बसल्या. "देशभरातल्या प्रत्येक पोराच्या हाताचं माप माझ्या वहीत आहे," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं ही माझ्या मागे उभी. हिचा हात मी एकदाही बघितला नाही. बघ बघ म्हटलं, आणि दाखवली काय, तर माझी पाठ! आणि मी त्या उत्तरेकडच्या मास्तरला पत्रं लिहितेय."

मला त्या क्षणी मावशींचं फार वाईट वाटलं. आयुष्यभर ज्या चुकीवर त्यांनी दुसऱ्यांना धारेवर धरलं, तीच चूक त्यांच्याकडून स्वतःच्या शेडमधे झाली होती. पण वाईट वाटून घेत बसायला त्यांनी वेळ दिला नाही. वॉकर आपटून त्या उठल्या आणि कमिटीकडून एक वर्ष मागून घेतलं. जमलं नाही तर कायमचा कॅटरर, हे जोगळेकरांनी तिथेच लिहून घेतलं. अमृताला कुणी विचारलंच नाही. ती नाही म्हणायला गेली, तर मावशी म्हणाल्या, "रविवारी बाराला माझ्या घरी. बाराच्या आधी ये, नंतर दार उघडत नाही."

त्या वर्षी हाफटाइमच्या पोह्यांना उशीर व्हायला लागला. स्वयंपाकघरात काटा मांडून दोघी मुठी मोजायच्या. मीठ, तिखट, गोडा मसाला. माझं काम तक्त्यावर आकडे लिहायचं. मावशींच्या चार मुठी म्हणजे अमृताच्या सव्वादोन निघाल्या. धिटाईनं अमृता एकदा म्हणाली, "मावशी, सरळ ग्रॅममधेच लिहू ना." मावशी म्हणाल्या, "लिहू की. पण गर्दीत, वाफेत, काटा कोण शोधणार? हात तर बरोबर असतो." मधूनमधून त्या तिला टीव्हीवरचे पोरगे दाखवायच्या. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधे छोटा स्पीकर असतो, त्यातून मास्तर बोलतो. पण खेळ सुरू व्हायला पंधरा सेकंद उरले, की तो आवाज आपोआप बंद होतो. अमृताला हे फार गमतीचं वाटलं. "मग पुढे?" तिनं विचारलं. "पुढे त्याचं तो," मावशी म्हणाल्या, आणि जरा वेळ टीव्हीकडे न बघता तिच्याकडे बघत राहिल्या.

पुढच्या गणपतीच्या सकाळी सातलाच आम्ही शेडमधे होतो. मावशींनी पर्समधून एक पट्टी काढून अमृताच्या मनगटावर बांधली. क्वार्टरबॅक बांधतात तशी, वर पारदर्शक प्लास्टिक आणि आत डावांची यादी. खेळाच्या दुकानात मुलांच्या विभागात ती त्यांना मिळाली होती. आत मावशींच्या मुंगीएवढ्या अक्षरात मराठीतून सगळा महाप्रसाद. मी वाकून वाचलं. 'मीठ: तुझ्या सव्वादोन मुठी. माझ्या नाहीत.' त्याखाली, 'शैलाला आधी विचार, मग सांग.' त्याखाली, 'घाबरलीस तर पोटानं श्वास घे.' आणि सगळ्यात शेवटी, 'एक बिघडलं तर बिघडलं. पुढचं पातेलं.'

"दहापर्यंत मी बोलेन," मावशींनी जाहीर केलं. "दहानंतर माझा आवाज बंद. फोनसुद्धा मंदारकडे."

दहापर्यंत त्या दोन माणसांचं बोलल्या. दहा वाजता त्यांनी टोपी नीट केली, हातात पाटी घेतली, तिला भुलीचा एक कोरा तक्ता लावला आणि शेडपासून वीस पावलांवर घडीच्या खुर्चीत जाऊन बसल्या. पाय टेकत नव्हते. मी नारळाचं खोकं त्यांच्या पायाखाली सरकवलं आणि शेजारी बसलो.

अकराला मसालेभाताच्या तिसऱ्या पातेल्याखालचा गॅस गेला. फुर्र असा आवाज झाला आणि जाळ विझला. सिलिंडर संपला होता आणि जास्तीचा आणलेला दुसऱ्या बर्नरला आधीच लागलेला. भात अर्धाकच्चा, पाणी उकळायचं थांबलेलं, तासाभरात नैवेद्य. हॉलच्या दारात जोगळेकर घाम पुसत उभे होते, त्यांनी आधी शेडकडे आणि मग मावशींकडे बघितलं. चारही काकूंनी हातातली कामं थांबवून मावशींकडे बघितलं. वीस वर्षांची सवय.

मावशींनी पाटी उचलली आणि तोंडावर धरली. मैदानाच्या कडेला उभे असलेले मास्तर धरतात तशी, समोरच्यांना ओठ वाचता येऊ नयेत म्हणून. पाटीच्या वर फक्त टोपी आणि डोळे. पाटीमागे त्यांचं काहीतरी चाललं होतं, मला ऐकू आलं नाही.

अमृतानं मनगटावर बघितलं. पट्टीवर गॅसचं काही नव्हतं. तिचे खांदे वर गेले. मग खाली आले. एवढ्या लांबूनही मला तिचा श्वास दिसला.

"शैलाकाकू," ती म्हणाली, "वरण झालंय ना?"

"झालंय तसं. उकळतंय नुसतं."

"मग वरण उतरवा. भात त्या जाळावर घेऊ. झाकण कुणी उघडू नका ना प्लीज. तुम्ही दोघी इकडून धरा, मी इकडून."

"आणि वरण गार होईल त्याचं?"

"टॉवेल गुंडाळून ठेवू. मसालेभात थांबणार नाही, वरण थांबेल."

चौघी आणि ती, अशा पाच जणींनी ते पातेलं उचललं. शैलाकाकूंचा पदर निसटला, कुणीतरी "अगं अगं" केलं, अमृता हसली, आणि भात दुसऱ्या जाळावर बसला. दहा मिनिटांनी झाकणाच्या कडेनं वाफ यायला लागली. या सगळ्यात तिनं एकदाही आमच्या दिशेला मान वळवली नाही.

आरती झाली, नैवेद्य झाला. पहिल्या पंगतीत जोगळेकरांनी घास घेतला, चावला, आणि पानात जागा करून आणखी भात मागितला. पाचशे माणसं जेवली. खरवड काढायला शेवटी तिघं भांडत होते. कॅटररचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. अमृता शेवटच्या पंगतीला काकूंच्या रांगेत मधोमध बसली होती, पट्टी तशीच मनगटावर, हळदीनं पिवळी झालेली.

पुढच्याच महिन्यात मावशी शुगर लँडचं घर आवरून शॉमबर्गला मुलाकडे गेल्या, आणि तिथला दुसरा हिवाळा त्यांनी बघितला नाही. मधे रविवारी फोनवर बोलणं व्हायचं. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या येतात त्या त्याच दुपारच्या. मी त्यांना घरी सोडायला निघालो होतो. मांडीवर पाटी, पाटीवरचा तक्ता पूर्ण कोरा, फक्त डोळ्यांच्या रकान्यात एक बरोबरची खूण. टोपी काढून त्या तिचाच वारा घेत होत्या आणि स्वतःशीच हसत होत्या.

"मावशी," मी विचारलं, "गॅस गेला तेव्हा पाटीमागे काय बोलत होतात? उपाय सांगत होतात ना?"

"छे रे. मला कुठे सुचला होता उपाय?" त्या म्हणाल्या. डोळे पुसायला त्यांनी पदर शोधला, तो सापडला नाही म्हणून टोपीनंच पुसले. "मी नुसतं म्हणत होते, इकडे बघू नकोस गं बाई, इकडे बघू नकोस."